माहेरचं घर, पण आता राहायला

वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात:

मी ४३ वर्षांची, पुण्यात राहते. माहेर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पलीकडच्या एका गावात. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले, मी एकुलती एक. आई माझ्याकडेच असते. गावात मातीच्या भिंतींचं कौलारू घर आहे, साठ-सत्तर वर्षांचं. आजोबांनी तोंडी वाटणी करून दिली होती, त्याप्रमाणे आमच्याकडे २ एकर १४ गुंठे येतात: एक एकर भाताचं शेत, ३० गुंठे माळ आणि बाकी काजूची झाडं. सध्या सगळं चुलत भाऊ करतो आणि वर्षाला दोन पोती तांदूळ पाठवतो. येत्या जूनपासून आम्ही दोघं आणि सात वर्षांचा मुलगा तिथं राहायला जायचं म्हणतोय. मिस्टरांचं काम घरून चालतं, मी नोकरी सोडणार आहे. ठेकेदार म्हणतो जुनं पाडा, शिमग्यानंतर काम धरलं तर पावसाआधी स्लॅब पडेल. आई म्हणते घराला हात लावू नका. भाऊ काही बोलत नाही, वहिनी मात्र तुटक वागते. गावात ‘घरजावई’ म्हणतील अशी मिस्टरांना धास्ती. आत्यांचा काही प्रश्न नाही, दोघींची लग्नं होऊन चाळीस वर्षं झाली. काय करावं?

उत्तर:

आधी ठेकेदाराला फोन करा आणि शिमग्यानंतरचं काम रद्द म्हणून सांगा. इसार दिला असेल तर तो बुडाला समजा. बाकीचं सावकाश बोलू.

ठेकेदार खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही. तीन-साडेतीन महिन्यांत घर पाडून, पाया काढून स्लॅब ओतता येतो, लोक ओततातही. पण तुमच्या भागातला पाऊस त्या स्लॅबला दोन-तीन वर्षांत गळायला लावतो आणि मग वर लोखंडी अँगल उभे करून पत्रा चढवावा लागतो. जांबोटीहून चोर्ला घाटाकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघत जा. पत्र्याची टोपी न घातलेले स्लॅब बोटावर मोजण्याइतके दिसतील. म्हणजे छपराचे पैसे दोनदा. आणि मे महिन्यात दुपारी त्या खोलीत बसून बघा एकदा, मग कौलाची आठवण येईल.

‘भिंती राहू देत, नुसता वर स्लॅब टाकू’ असा मधला मार्ग कुणी काढला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. पाच इंची स्लॅबचं वजन चौरस फुटाला जवळजवळ तीस किलो भरतं. मंगळुरी कौलांचं साडेतीन-चार किलो. तुमच्या भिंतींनी साठ-सत्तर वर्षं चार किलो पेललेत. त्यांच्या डोक्यावर तीस ठेवायचे म्हणजे म्हाताऱ्या बैलाला उसाच्या गाडीला जुंपण्यासारखं आहे.

अशीच एक चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून एवढ्या ठासून सांगते. आमचं घर बेळगाव-चंदगड रस्त्यापासून आत, सासऱ्यांनी बांधलेलं, मातीचंच. बारा वर्षांपूर्वी दुरुस्तीला काढलं तेव्हा ठेकेदार म्हणाला, आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा मारून देतो, वर ऑइलपेंट, आयुष्यभर सारवायला नको. मला तर ते सोनं वाटलं. पहिला पावसाळा बरा गेला. दुसऱ्या वर्षी गणपतीच्या आधीची साफसफाई चालली होती, तर देवघराच्या भिंतीला जमिनीपासून हातभर उंचीवर पोट आलेलं दिसलं. रंग चकचकीत, वर पाण्याचा थेंब नाही. मिस्टरांनी पेचकस आणून तिथं टेकवला आणि जरा दाबला. पाऊण इंचाचा सिमेंटचा पापुद्रा टक् करून फुटला आणि पेचकस मुठीपर्यंत आत गेला, ओल्या शेणात काठी जावी तसा. बाहेर काढला तर टोकाला मातीचा गोळा. तो मी चिमटीत दाबला आणि बोटांवरून पाणी ओघळलं. देव दुसऱ्या खोलीत हलवले आणि त्या वर्षीचा गणपती सोप्यात बसला.

झालं होतं ते असं. मातीची भिंत पायाशी पाणी पिते आणि दोन्ही अंगांनी श्वास टाकत ते सुकवते. सिमेंटनं तिची दोन्ही अंगं बंद केली. पाणी येत राहिलं, जायला वाट उरली नाही, आणि भिंत आतल्या आत चिखल होत गेली. मग आम्ही सगळा गिलावा सोलून काढला. सोलायला जेवढी मजुरी गेली तेवढी मारायलाही गेली नव्हती. नंतर जुन्या गवंड्याकडून मातीचा गिलावा करून घेतला: चाळलेली माती, भाताचं तूस, शेण आणि थोडा चुना, पाणी घालून आठ-दहा दिवस कुजवलेलं, रोज पायांनी तुडवलेलं. वरून चुन्याचे दोन हात. त्याला दर दोन वर्षांनी चुना लागतो हे खरं आहे. दिवाळीच्या आधी एक दिवस जातो, तेवढं काय.

तुमच्या आईचं ‘हात लावू नका’ हेही तसंच्या तसं धरून चालणार नाही. हात न लावलेलं मातीचं घर पाच-सात वर्षांत बसतं. मी सांगेन ते एवढंच की या वर्षी हात फक्त तीन ठिकाणी लावा आणि पहिला पावसाळा त्याच गळक्या घरात काढा.

पहिलं म्हणजे छप्पर. कौलं चाळून घ्या, म्हणजे सगळी उतरवून, घासून, फुटकी बाजूला काढून पुन्हा घालायची. उतरवल्यावर वासे आणि रिपा उघड्या पडतात, तेव्हा हातोडीच्या दांड्यानं एकेक वासा वाजवून बघायचा. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ आला तर आत वाळवी आहे, तो बदला. बदललेल्या लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल लावा. खानापूर-चंदगडच्या पट्ट्यात काजूचे कारखाने आहेत, तिथं चौकशी केली की मिळतं. हातमोजे घातल्याशिवाय मात्र त्याला शिवू नका, कातडी भाजते. जुनी कौलं परड्यात, म्हणजे घरामागच्या आवारात, फेकून देऊ नका. मंगळुरात बासेल मिशननं १८६० च्या दशकात अशी कौलं पाडायला सुरुवात केली आणि पुढं ती सगळीकडे पसरली. खानापूरची मातीही कौला-विटांसाठी नावाजलेलीच आहे. जुनं कौल वाजवलं तर खणखणतं, नव्यातली बरीच बदबदतात. कमी पडली तर गावात कुणी घर पाडत असेल त्याच्याकडून जुनीच घ्या. शंभर चौरस फुटांना दीडशेच्या आसपास लागतात. आणि स्वयंपाकघरावर दोन काचेची कौलं बसवा. सकाळी दहाला उन्हाचा पट्टा चुलीवर येतो, दिवसा दिवा लावावा लागत नाही.

दुसरं म्हणजे जोत्याभोवतीचा चर. हिशेब ऐका. हजार चौरस फुटांच्या छपरावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला की नऊ हजार लिटर पाणी वळचणीतून खाली येतं. जुलैत तुमच्याकडे एका दिवसात तेवढा पडू शकतो. म्हणजे अशा दिवशी एक टँकर तुमच्या भिंतीपासून दोन फुटांवर उभा राहून रिकामा होतो. ऑगस्ट २०१९ च्या अतिवृष्टीत आणि पुरात आपल्या जिल्ह्यात हजारो घरं पडली. वरून पडणाऱ्या पावसापेक्षा पायाशी तुंबलेलं पाणी मातीच्या भिंतीला आधी मारतं. तेव्हा वळचणीच्या बरोबर खाली दीड फूट खोल चर काढा, तळाला जांभ्याचे तुकडे, उतार परड्याकडे. बाहेरून फरशी किंवा काँक्रीटचा पट्टा भिंतीला चिकटवून घालू नका, ती ओल मग भिंतीतच शिरते. कुणीतरी ‘स्वच्छ दिसेल’ म्हणून सुचवणारच, म्हणून आधीच सांगितलं.

तिसरं, वीज. जुन्या वायरी काढून टाका, नवं अर्थिंग करा, गळती झाली की वीज तोडणारा स्विच बसवा. ओल्या भिंतीत जुनी वायर हा मरणाचा धंदा आहे. हेस्कॉमचं मीटर अजून आजोबांच्या नावावर असेल, ते चालू राहू दे, नाव नंतर बदलता येतं.

संडास नवा लागेलच. दोन खड्ड्यांचा करा, विहिरीपासून पन्नास फूट तरी लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला. जांभ्यातून पाणी चाळणीतून जावं तसं जातं, त्यामुळं यात काटकसर नको.

मग जूनमध्ये राहायला जा आणि बघा. कुठं गळतं तिथं जमिनीवर खडूनं गोल करा. भिंतीवर ओल कुठवर चढली तिथं पेन्सिलीनं रेघ मारून तारीख घाला. आमच्या माजघरात अशा अकरा रेघा आहेत, सगळ्यात वरची ६ ऑगस्टची. दारातून कुठल्या वाऱ्याबरोबर पाऊस आत येतो, रात्री कुठला कोपरा सर्दट लागतो, विहिरीचं पाणी कधी गढूळ होतं, हे पुण्यात बसून नकाशावर कळत नाही. दिवाळीनंतर गवंड्याला बोलवाल तेव्हा सांगायला तुमच्याजवळ काहीतरी असेल. नाहीतर तो सांगेल आणि तुम्ही ऐकाल.

घराचं एवढं पुरे. आता तुमच्या पत्रातली मला खटकलेली ओळ: ‘आत्यांचा काही प्रश्न नाही.’

का नाही? तुम्ही कोणत्या नात्यानं त्या घरात जाताय? लेक म्हणून. बाबांना मुलगा नव्हता, तरी लेकीचा हक्क आहे, कायदाही तसंच म्हणतो, आणि ते बरोबरच आहे. मग आत्या त्याच घराच्या लेकी आहेत. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून लेकीचं नातं जुनं होतं का? तुमच्या लग्नालाही पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क मिळाला. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की त्या दुरुस्तीच्या वेळी वडील हयात असण्याची गरज नाही. त्याच निकालात असंही आहे की तोंडी वाटणी सहसा मानायची नाही, सरकारी कागदांचा भक्कम आधार असेल तरच अपवाद. २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणी करून झालेली वाटणी मात्र मोडत नाही. आता आजोबांनी केलेली वाटणी तोंडी आहे, तुम्हीच लिहिलंय. म्हणजे ज्या २ एकर १४ गुंठ्यांना तुम्ही ‘आमचे’ म्हणताय ते कागदावर अजून बाबा, काका आणि दोघी आत्या अशा चौघांचे असण्याचीच शक्यता जास्त.

घाबरू नका. आत्या कोर्टात जाणार आहेत असं मी म्हणत नाही. पण त्यांना न विचारता तुम्ही घर पाडलं असतं, तर ज्या खोलीत त्यांची बाळंतपणं झाली असतील तीच पाडली असती. पेढे घेऊन दोघींच्या घरी जा, फोनवर उरकू नका. ‘मी राहायला येतेय, तुमचं काय म्हणणं आहे?’ असं विचारा आणि गप्प बसा. बहुतेक वेळा म्हाताऱ्या आत्यांना जमीन नको असते. आंब्याच्या दिवसांत हक्कानं चार दिवस राहायला एक जागा हवी असते, आणि विचारलं जायला हवं असतं. त्या हक्कसोड पत्र द्यायला तयार झाल्या तर सब-रजिस्ट्रारकडे नोंदवून घ्या. तयार झाल्या नाहीत तर त्यांचा वाटा काढून ठेवा आणि तेवढ्यावर नव्यानं काही बांधू नका.

कागदांचं काम यातूनच सुरू होतं. पहाणीचा उतारा, म्हणजे कर्नाटकातला सात-बारा, ‘भूमी’ या सरकारी संकेतस्थळावर सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर घातला की दिसतो. रकाना ९ मध्ये मालकाचं नाव, ११ मध्ये बोजे आणि इतर हक्क, १२ मध्ये कसणाऱ्याचं नाव आणि पीक. तिथं अजून आजोबांचं नाव असेल तर आधी मृत्यूचे दाखले आणि वंशावळ घेऊन वारसा लावावा लागेल, आणि वंशावळीत आत्यांची नावं घालावीच लागतात. एकाच नंबरात अनेक नावं असतील तर वेगळं व्हायला मोजणी आणि पोडी, म्हणजे नंबराची फोड. घराचा कागद ग्रामपंचायतीत असतो, ई-स्वत्तू या सरकारी ऑनलाइन नोंदीतले नमुने ९ आणि ११. हे सगळं कन्नडमध्ये असणार. पत्रात तुम्ही लिहिलं नाही, पण आजवर हे कागद भाऊच वाचून दाखवत असणार. सीमाप्रश्नाचा निकाल लागेल तेव्हा लागेल, तोवर स्वतःच्या उताऱ्यावरचं स्वतःचं नाव तरी स्वतःला वाचता यायला हवं. महिनाभरात अक्षरं लागतात. मी साठीला आल्यावर शिकले, बसच्या पाट्या वाचत वाचत. मुलाला तर शाळेत कन्नड घ्यावंच लागेल, शाळा मराठी असली तरी. तो तुमच्या आधी शिकेल आणि मग तुमच्या चुका काढेल.

आता वहिनी. तुम्ही चार ओळींत तिला ‘तुटक’ म्हणून मोकळ्या झालात, म्हणून मी तिच्या बाजूनं विचार करून बघितला. तुमच्या परड्यात कुणाचं गवत रचलेलं आहे? तुमच्या सोप्यात काजू कुणाचे वाळतात? गोठा रिकामा आहे की त्यात तिची म्हैस आहे? इतकी वर्षं कुलूप उघडून घर झाडणारी, कौल सरकलं की नवऱ्याला वर चढायला लावणारी, नवरात्रात तिथं दिवा लावणारी बहुधा तीच. दोन पोती तांदूळ तुम्हाला थोडे वाटत असतील. भाताचा हिशेब तुम्हाला पुढं सांगते, मग ते किती आहेत बघा. तुम्ही येणार म्हणजे तिची जागा जाणार, आणि तुम्ही तिच्याशी त्याबद्दल एक शब्द बोललेला नाही. भाऊ बोलत नाही कारण बोलायचं काम तिच्यावर टाकलंय, आणि ती नणंदेला काय बोलणार?

तेव्हा पहिल्या वर्षी भाताचं शेत आणि काजू भावाकडेच राहू देत. तुम्ही फक्त माळातले पाच गुंठे आणि परडं स्वतःकडे घ्या. गोठा तिचाच राहू दे. हे तुम्ही होऊन, तिच्या स्वयंपाकघरात बसून, तिला सांगा. भावाला सांगितलं तर ते तिच्यापर्यंत वेगळ्याच शब्दांत पोचेल.

आणि याचं कारण केवळ चांगुलपणा नाही. तुम्हाला शेती येत नाही. तुमच्याकडे भात धूळवाफेवर, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत, पेरतात, मिरगाच्या आसपास, कधी वळवाचा अंदाज घेऊन रोहिणीतच. पेरणी चार दिवस चुकली तर तण भाताच्या पुढं जातं आणि सगळा पावसाळा भांगलणीत जातो. हे डोळ्यांनी एकदा बघा. पाच गुंठ्यांत तुमच्या हातचं थोडं रताळं लावा. बेळगावच्या पश्चिम भागातली तांबडी माती त्याला मानवते आणि आपल्या बाजारातून रताळी थेट उत्तरेकडे जातात. वरंब्यावर जून-जुलैत वेल लावायचे. सोपं पीक आहे, नवख्यालाही जमतं. डुकरांनाही ते आवडतं, तेवढं एक. तुमचं गाव भीमगड अभयारण्यापासून लांब नाही, तिथं गवेही शेतात उतरतात. कुंपणाला घरची वीज सोडायचा सल्ला कुणीतरी नक्की देईल. तो गुन्हा आहे आणि त्यात माणसंही मरतात. सौर कुंपणाचा झटका वेगळा असतो, तो चालतो. पाच गुंठ्यांना तर रात्री कंदील आणि कुत्रं पुरतं.

पैशाचं बोलू. एक एकर पावसावरच्या भाताला चांगल्या वर्षी पंधरा ते वीस क्विंटल येतं. सोळा धरा. २०२४-२५ चा सामान्य भाताचा हमीभाव क्विंटलला २३०० रुपये होता. झाले ३६,८००. त्यातून नांगरट, बी, खत, भांगलण, कापणी, मळणी वजा करा, निम्मं हातात राहिलं तर नशीब. आता ती दोन पोती परत आठवा, भावानं सगळा खर्च करून पाठवलेली. चोवीस गुंठ्यांत काजूची तीस-पस्तीस झाडं असतील. झाडाला पाच किलो बी, किलोला शंभर-सव्वाशे धरले तर वीस हजारांच्या आत-बाहेर, तेही मोहोरावर ढेकण्या पडला नाही आणि फेब्रुवारीत धुकं आलं नाही तर. तुमच्या दोघांच्या पुण्याच्या पगारात ही सगळी रक्कम किती दिवसांची आहे ते तुम्हीच काढा. दोन एकर घराला तांदूळ, डाळ, नारळ, भाजी आणि झोप देतात. घराचा हप्ता भरत नाहीत.

म्हणून नोकरी सोडू नका, निदान या जूनला नको. बिनपगारी रजा मिळते का बघा, चार महिने. मिस्टरांचं काम घरून चालतं म्हणता, पण जांबोटीच्या पलीकडे पावसाळ्यात वीज जाते ती कधी कधी दोन-तीन दिवस येत नाही, आणि टॉवरही मग झोपतो. इन्व्हर्टर घ्या. त्यातूनही महत्त्वाच्या कामाच्या दिवशी खानापूर किंवा बेळगावला जाऊन बसण्याची सोय आधीच बघून ठेवा. म्हैस घ्यायची इच्छा होईल, सगळ्यांना होते. घेऊ नका. म्हशीला रविवार नसतो. चार कोंबड्या घ्या.

घरजावयाचं काय? म्हणतील. दोन महिने म्हणतील, मग मिस्टर चिखलात पाय घालून बांध घालताना दिसले की विषय बदलेल. त्यांना एक सांगा: गावात पहिल्या दिवशी कुणाच्या पंक्तीला बसताय यावर लोकांचं लक्ष असतं. सगळ्याच भावकींत जा, यात्रेची वर्गणी मुलाच्या नावानं द्या, आणि पारावर पुण्यात कसं असतं ते सांगू नका. बाकी ते मोठे आहेत.

तुमच्या मनाची तयारी मात्र वेगळी हवी, ती मिस्टरांपेक्षा तुमची. आजवर तुम्ही त्या गावात माहेरवाशीण म्हणून गेलात. गेल्यावर पाट मांडला गेला, निघताना ओटी भरली गेली, मागं घरात काय चाललंय ते कुणी दाखवलं नाही आणि तुम्हीही विचारलं नाही. आता न्हाणीत सरपण तुम्हीच घालायचं, चरात अडकलेला पाला भर पावसात तुम्हीच काढायचा, बांध कोरला म्हणून शेजारच्या शेतवाल्याशी तुम्हीच बोलायचं. तोच माणूस लहानपणी तुम्हाला जांभळं देत होता, त्यामुळं ते जड जातं. मला माझ्या सासरीही गेलं, तिथं तर जांभळंही कुणी दिली नव्हती.

आता तारखा. २५ मेला रोहिणी लागतात, त्याच्या आत कौलं परत चढलेली हवीत. कौलं चाळणारी जुनी माणसं आता मोजकी उरलीत आणि मे महिन्यात ती कुणालाच मिळत नाहीत, सगळ्या गावाला त्याच पंधरवड्यात आठवण होते. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातले चार दिवस आत्ताच ठरवून टाका. माणूस कोण बरा, ते वहिनीला विचारा.